सिस्टर गोल्फ खेळायला जातात

सिस्टर कुठेही जायच्या आधी तिथे एकदा जाऊन येत. वाक्य चुकलेलं नाही. पवनीला कुणाचं लग्न असलं की त्या आदल्या दिवशी बसने पवनीला जात. मंडप कुठे घातलाय, दुपारी सावली कोणत्या बाजूला पडते, पिण्याचं पाणी कुठे ठेवणार हे सगळं पाहत आणि परत येत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बसने लग्नाला. यजमानांना वाटे, बाईंची तारीख चुकली. ते बिचारे चहा पाजून हळूच सांगत, लग्न उद्या आहे म्हणून. सिस्टर म्हणत, "माहीत आहे. आधी पाहून येऊ, मंग जाऊ."

ही सवय त्यांना नोकरीने लावली होती. आमच्या आसगावच्या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली. नव्या नव्या रुजू झाल्या तेव्हा लसीचा डबा खांद्याला लावून त्या एका टोल्यावर, जंगलाकडच्या लहान वस्तीवर, पायी गेल्या, तर सगळा टोला कुलूप लावून तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेला. बर्फ वितळला, लस वाया गेली, वर साहेबांची बोलणी खावी लागली. त्या दिवसापासून सिस्टर कुठेही एकदाच म्हणून गेल्या नाहीत. माहेर दिघोरीचं. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या आधार कार्डामुळे ठाऊक होतं, पण गावात ते कोणी वापरत नसे, म्हणून मीही इथे वापरत नाही.

आसगावच्या चौकात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, फोटोकॉपी, असली कामं. एका हिवाळ्यात सिस्टर सकाळीच आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबू, गोल्फ खेळाले फारम भरा लागते का?" मला ऐकू आलं ते 'गॅस'. मी गॅसच्या केवायसीचं पान उघडून त्यांचा अंगठा मागितला. त्यांनी अंगठा दिला नाही. पिशवीतून एक कागद काढला. त्यावर एका हिरव्या मैदानाचं चित्र त्यांनी बॉलपेनने स्वतः काढलेलं होतं, मधे एक झेंडा, आणि झेंड्यापाशी बाण करून लिहिलं होतं, 'येथे जाणे आहे'.

झालं होतं असं. पावसाळ्यात दवाखान्याच्याच पायरीवरून त्या घसरल्या आणि घोट्याला प्लास्टर बसलं. दीड महिना खाटेवर. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीने टीव्हीचा रिचार्ज मारून दिला, तो नेमका खेळांच्या चॅनेलांचा निघाला. क्रिकेट त्यांना आवडत नसे, कबड्डी पाहताना त्यांना दर मिनिटाला कुणाचं तरी हाड मोडेल असं वाटे. उरला गोल्फ. तो त्यांनी मनापासून पाहिला. त्यांचं म्हणणं असं की, या खेळात कोणी कोणाले ढकलत नाही. आपला चेंडू आपण माराचा, आपणच शोधाचा. कोणी मारत असला तर बाकीचे गप उभे राहतात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर राहतात तसे. आणि एवढं मोठं मैदान, पण त्यावर माणसं चार.

प्लास्टर निघालं तसा मुलीने हट्ट धरला की आता एकटं राहायचं नाही. होळी झाली की सिस्टर कायमच्या पुण्याला जाणार, हे ठरलं. म्हणून त्यांना घाई होती. होळीच्या आत गोल्फ. मी त्यांना म्हटलंही, पुण्याच्या आसपास अशी मैदानं पुष्कळ असतील, मुलगी घेऊन जाईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने शोधायला लागलो.

उमरेडच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत, शेतांच्या मधोमध एक मैदान सापडलं. फोन लावला. व्यवस्थापक सभ्य माणूस निघाला. नवशिक्यांसाठी शिकवणारे सर आहेत म्हणाला, दांडे तिथेच मिळतात, चौघं मिळून या, सुरुवातीला तीनच होल खेळा. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी त्याने सांगितलं की कॉलरचा शर्ट आणि बूट सक्तीचे. मी फोनवर हात ठेवून सिस्टरकडे पाहिलं. त्यांच्या अंगावर नेहमीची फिकट निळी सुती साडी. मला वाटलं, संपला गोल्फ.

सिस्टरना त्यात अडचण दिसलीच नाही. "धानाच्या रोवण्याले जाताना बाया लुगड्यावर शर्ट घालतातच ना? कॉलरच पाहिजे ना त्याले? मंग घालू," त्या म्हणाल्या. मी व्यवस्थापकाला विचारलं. तो म्हणाला की नियमात साडीबद्दल काही लिहिलेलं नाही.

तयारीला जोर आला. सिस्टरनी माझ्याकडून सात नंबरचा एक लोखंडी दांडा आणि सहा चेंडू मागवले. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, तिथे आमचा सराव सुरू झाला. मोकळ्या म्हणजे, धान नव्हतं एवढंच. कापणीच्या आधी पेरलेली लाखोळीची डाळ आता घोट्याएवढी दाट वाढली होती. तिच्यात गेलेला चेंडू सिस्टरच्या शब्दांत 'मामाच्या गावाला' जाई. चार दिवसांत सहाही चेंडू मामाकडे पोचले. महिन्याभराने लाखोळी उपटताना एका बाईला त्यातला एक सापडला आणि ती तो ओच्यात घालून सिस्टरकडे घेऊन आली, हे कोणत्या पाखराचं अंडं आहे विचारायला. सिस्टरनी तिला खरं सांगितलं नाही. उबवून पाहा म्हणाल्या.

चौघांपैकी एक सिस्टर आणि एक मी. तिसरा गणपत ड्रायव्हर. दवाखान्याची जीप त्याने सत्तावीस वर्षं चालवली आणि रिटायर झाल्यावर स्वतःची जुनी व्हॅन घेतली. चाळिसाच्या वर काटा गेलेला त्याला चालत नसे. मागून बैलगाडी आली तरी तो वाट देई. गाडी त्याची, म्हणून खेळाडूही तोच. चौथ्यासाठी मी माझ्या एका मित्राचं नाव घेतलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "चौथी भागरता दाई."

माझा हात की-बोर्डवरच राहिला. सिस्टर आणि भागरता दाई एकमेकींशी बोलत नाहीत, हे आसगावात सगळ्यांना माहीत होतं.

भागरता दाई तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढची. पाठ ताठ, हात पुरुषासारखे मोठे. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली. माझ्या जन्माच्या वेळी मी पायांकडून येत होतो. सिस्टर तेव्हा नवीन होत्या. माझी आई सांगते की सिस्टर कोपऱ्यात उभ्या राहून पुस्तकात लिहिलेलं आठवत होत्या, आणि दाईने त्यांचा हात धरून आईच्या पोटावर ठेवला, डोकं कुठे आहे ते दाखवलं, मग हळूहळू मला वळवलं. नाळ सिस्टरनी कापली. अशी कितीतरी बाळंतपणं दोघींनी मिळून केली. सिस्टर पुस्तकातलं शिकून आल्या होत्या, हातातलं त्यांना दाईने शिकवलं.

पुढे बाळंतपणं दवाखान्यातच व्हावीत असा वरून आग्रह सुरू झाला. ग्रामपंचायतीपुढे सभा भरली, तालुक्याचे साहेब आले. मी शाळेत होतो, आम्हा पोरांना सतरंजीवर पुढे बसवलं होतं. सिस्टरनी दाईची पिशवी सगळ्यांसमोर उघडली. त्यातलं ब्लेड, दोरा, तेलाची बाटली एकेक वर धरून दाखवली. आणि शेवटी म्हणाल्या की असल्या घाण हातांनी आता या गावात बाळंतपण होणार नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून लोकांनीही वाजवल्या. दाई उठली, पिशवी बांधली आणि गेली. त्यानंतर वीसेक वर्षं दोघी एकाच गावात एकाच रस्त्याने येत-जात राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

बोलावण्याचा निरोप घेऊन मलाच दाईकडे जावं लागलं. दाई अंगणात मिरच्या निवडत होती. मी खेळ समजावून सांगितला. दांड्याने लहान चेंडू मारायचा, लांब एक बीळ असतं, त्यात घालायचा.

"आनी मंग?" दाईने विचारलं.

मग तो काढायचा आणि दुसऱ्या बिळाकडे मारायचा. तिने कितीक बीरं असतात विचारलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ळ चा र होतो. मी म्हटलं, अठरा असतात, आपण तीनच खेळायची. तिला हे पटलं नाही. अठरा असतील तर अठरा खेळू, अर्धवट काम कायले करायचं, असं तिचं मत पडलं. मी खूश झालो. तेवढ्यात तिने विचारलं, बोलावलं कोणी. मी नाव सांगितलं. ती पुन्हा मिरच्यांकडे वळली. मूठभर मिरच्या निवडून झाल्यावर म्हणाली, "तिले सांग, तिचे पाय काही मोडले नाहीत."

घोटा नुकताच मोडून जुळला होता, पण तो मुद्दा मी काढला नाही.

पुढचे चार दिवस सिस्टर रोज संध्याकाळी दाईच्या घरावरून गेल्या आणि परत आल्या. लोकांना वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल. पाचव्या दिवशी त्या फाटक उघडून आत गेल्या. काय बोलणं झालं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या सेंटरवर येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की ती येते म्हणाली, पण शर्ट गणपतचा नको, त्याला डिझेलचा वास येतो.

आता खेळायला जायचं, तर आधी पाहून येणं आलंच. एका मंगळवारी सिस्टर, मी आणि गणपत मैदान बघायला निघालो. गणपतच्या वेगाने उमरेड यायला दुपार झाली. व्यवस्थापकाला वाटलं, आम्ही आजच खेळणार. त्याने आग्रहाने दांडा पुढे केला, एखादा फटका मारून तरी पाहा म्हणाला. सिस्टरनी हात मागे घेतले. आज पाहायचा दिवस होता. त्यांनी संडास पाहिले, पाणी पाहिलं, जवळचा दवाखाना किती लांब ते विचारलं, तिन्ही होल पायांनी मोजले. तिसऱ्या होलच्या वाटेवर मोहाचं एक मोठं झाड होतं. त्याखाली त्या उभ्या राहिल्या आणि मला परत मागे पाठवलं. तिथून साध्या आवाजात काहीही बोल म्हणाल्या. मला काही सुचेना, म्हणून मी उत्पन्नाच्या दाखल्याला लागणारी कागदपत्रं म्हणून दाखवली. परत आल्यावर विचारलं, ऐकू आलं का.

"एक शब्द नाही," सिस्टर समाधानाने म्हणाल्या.

मला वाटलं, प्लास्टरमुळे कानही तपासून घेताहेत.

होळीच्या दोन आठवडे आधी आम्ही खरंच गेलो. पहाटे निघून दहाला पोचलो. दोघी मागच्या सीटवर दोन खिडक्यांना चिकटून बसल्या होत्या, मधे डब्यांची पिशवी. रस्ताभर त्या गणपतशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या, एकमेकींशी नाही. मैदानावर शिकवणारे सर वाट पाहत होते. पन्नाशीचे, पांढरी टोपी घातलेले, अतिशय शांत. साडीवर पांढरा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या सिस्टर, लुगड्यावर नातवाचा चौकड्यांचा शर्ट घातलेली दाई, हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. अशा माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

सिस्टरनी इतकी तयारी केली होती, की पहिला मान त्यांचाच. त्यांनी पाय नीट लावले, मान खाली घातली, दांडा उचलला आणि हवेत मारला. चेंडू खुंटीवर तसाच. दुसरा फटका हवेत, तिसरा हवेत. चौथ्याला चेंडू दहा हात घरंगळला. सिस्टर लहान मुलीसारख्या हसल्या. गणपतचा चेंडू सरळ तळ्यात गेला. त्याचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत त्याने काहीही पाण्यात घातलं नव्हतं, ते तो दिवसभर सांगत राहिला. माझा चेंडू कुठे गेला ते मी पाहिलंच नाही. मग दाई पुढे आली. सरांनी दांडा कसा धरायचा ते सांगायला सुरुवात केली, तोवर तिने लाकूड फोडावं तसा एक ठोसा दिला होता. चेंडू सरळ झेंड्याच्या दिशेने गेला आणि दूरवर जाऊन थांबला. सरांनी टोपी काढली.

कुंपणाच्या पलीकडे कापसाचं शेत होतं. वेचणाऱ्या बाया काम थांबवून पाहत होत्या. लुगड्यावर शर्ट घातलेल्या दोन बाया गवतात हिंडताना पाहून त्यांना वाटलं, गवत कापायचं काम निघालंय. एकीने हाक मारून विचारलं, आणखी बाया पाहिजेत का जी?

"पायजेत," दाई ओरडली. "पन काम लय कठीन हाय."

दोन होल झाले. तिसऱ्याला माझा चेंडू मोहाच्या झाडामागच्या झुडपात गेला. मी ओणवा होऊन शोधत होतो. गणपत आणि सर मागे तळ्यापाशी थांबले होते. तेवढ्यात दोघी झाडाखाली आल्या. मी खोकायला हवं होतं. पण सिस्टरनी बोलायला सुरुवात केली होती, आणि मग मला खोकता आलं नाही.

"भागरताबाई, त्या दिवशी मी दवाखान्याचं बोलली ते बरोबर बोलली. तुमच्या हातांचं बोलली ते चूक बोलली. ज्या हातांनी मले शिकवलं त्यायलेच घाण म्हटलं. साहेब बसले होते, मले वाटलं जोरात बोलाव. मी चुकली."

 दाईने दांडा काठीसारखा टेकला.

"एवढे वर्स काहून लागले तुले?"

"जागा नव्हती. आपल्या गावात कुठंही बोलाव त कोणी ना कोणी आयकून राहिलं असते."

मी झुडपात आणखी खाली वाकलो. टीव्हीवर चार माणसांचं ते मोकळं मैदान पाहताना सिस्टरच्या मनात काय आलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

दाई म्हणाली, "सभेत बोलली होती तू. समद्या गावासमोर."

"हो. पुण्याले जायच्या आधी समद्यांसमोरही बोलतो. आधी तुम्हाले सांगणं होतं."

 सिस्टरचा चेंडू बिळापासून चारपाच हातांवर पडलेला होता. दाई तिकडे गेली, वाकली, चेंडू हातात उचलला आणि बिळात नेऊन ठेवला, सांभाळून, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा. सर तळ्याकडून येतच होते. असं चालत नाही, हाताने उचलता येत नाही, असं ते अगदी नम्रपणे म्हणाले. दाईने त्यांना सांगितलं की सिस्टरचा चेंडू अडला होता, म्हणून मोकळा केला. सरांनी विचार केला आणि कार्डावर काहीतरी लिहिलं. परत येताना मागच्या सीटवरची डब्यांची पिशवी गणपतला पुढे घ्यावी लागली.

होळीच्या आधी ग्रामसभा होती. सिस्टर उभ्या राहिल्या आणि मैदानावर बोलल्या तेच, तेवढ्याच शब्दांत बोलल्या. निम्म्या लोकांना जुनी गोष्ट आठवतही नव्हती, ते एकमेकांना विचारत राहिले. दाई सभेला आली नव्हती. मी संध्याकाळी जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

सिस्टर पुण्याला गेल्या त्या दिवशी दाईने भरलेल्या मिरच्यांचा डबा दिला आणि न्यायला आलेल्या मुलीला बजावलं की आईला सकाळी पायी चालू दे, बसवून ठेवू नको. पुण्याहून सिस्टरचा फोन रविवारी माझ्या मोबाइलवर येई आणि मी तो दाईच्या हातात देई. दोघी काय बोलत? पुण्यातल्या शेजाऱ्यांच्या सुनांची बाळंतपणं, चिरा, टाके, डॉक्टरांच्या चुका. गोल्फ खेळलात का, असं मी एकदा विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या की मैदान पाहून आली, चांगलं आहे, पण तिथं बोलण्यासारखं कोणी नाही.

दोन वर्षांनी एका सोमवारी मुलीचा फोन आला. सिस्टर सकाळी चहा पिता पिता गेल्या होत्या. मी सेंटर बंद करून दाईकडे गेलो. तिने ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, दवाखान्यात चाल. मला वाटलं, तिला बरं वाटत नसेल. त्या सभेनंतर दवाखान्याच्या फाटकातून ती कधी आत गेली नव्हती. नातवंडांच्या वेळीही ती बाहेर लिंबाखाली उभी राहिली होती.

आत नवी नर्स होती, वर्षभरापूर्वी आलेली. तिने दाईला बाकावर बसवलं, केसपेपर पुढे ओढला, नाव विचारलं, वय विचारलं, आणि काय दुखतं ते विचारलं.

"दुखत काही नाई," दाई म्हणाली. "इथली सिस्टर गेली. तिले मीच शिकवलं होतं. बसतो घडीभर."

नर्सने पेन खाली ठेवलं आणि टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवला. ओपीडीची वेळ संपेपर्यंत आम्ही तिथे बसून होतो.